पायगाडीचे जोडसामान

बेळगावच्या उद्योगाचा इतिहास सांगताना सायकलीच्या दुकानाला सहसा एका वाक्यापलीकडे जागा मिळत नाही. १८८८ साली लक्ष्मणराव आणि रामूअण्णा या किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, एवढे नोंदवून लेखक लगेच कडबाकापणी यंत्राकडे वळतो, तेथून १९०३ च्या सुमारास तयार झालेल्या लोखंडी नांगराकडे, आणि मग १९१० साली औंध संस्थानात उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीकडे. दुकान म्हणजे पुढच्या मोठ्या कथेची केवळ पायरी. आम्हांला मात्र त्या पायरीवरच थोडा वेळ बसावेसे वाटते. यंत्र विकले गेले म्हणजे त्याची कथा संपत नाही. घेणारा चार दिवसांनी ते ढकलत परत आणतो आणि ‘हे चालेना’ म्हणतो. यंत्रांचा खरा इतिहास या ‘चालेना’ शब्दापासून सुरू होतो, असे आमचे मत आहे. उचगावाहून बेळगावास जाणाऱ्या वेंगुर्ले रस्त्यावर आजही हौसेने सायकल हाकणारे लोक आहेत. त्यांच्या तक्रारी ऐकल्या की हा शब्द सव्वाशे वर्षांत फारसा म्हातारा झालेला नाही, हे लक्षात येते.

लक्ष्मणराव मूळचे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, जन्म १८६९ चा. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईस गेले, रंगांच्या बाबतीत दृष्टिदोष असल्याचे लक्षात आल्यावर यांत्रिक आरेखनाकडे वळले, आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. मुंबईत सायकली घ्यायच्या, त्या बेळगावास रामूअण्णांकडे पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या विकायच्या, असा आरंभीचा व्यवहार होता. विक्रीबरोबर रामूअण्णा सायकल चालवायलाही शिकवीत आणि त्याबद्दल पंधरा रुपये घेत, असे सांगितले जाते. त्या काळी पंधरा रुपये ही लहान रक्कम नव्हे. आजच्या वाचकाला ती फी अवाजवी वाटेल. कारण आज पोर अंगणात पडत-धडपडत आपोआप शिकते. पण त्या सायकलीला फ्रीव्हील नसे. पायडल थेट चाकाशी जखडलेले. चाक फिरते आहे तोवर पाय फिरलेच पाहिजेत. उतारावर पाय सैल सोडले तर पायडल नडगीवर येऊन आदळत. फ्रीव्हीलचा प्रसार एकोणिसावे शतक संपता संपता झाला. तोवर सायकल शिकणे हे घोडेस्वारीच्या जवळचे प्रकरण होते आणि शिकविणाऱ्याला मोल होते.

त्याच १८८८ साली आयर्लंडमधील बेलफास्ट शहरी जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तिचाकीसाठी हवेच्या टायरची युक्ती काढली आणि तिचे पेटंट घेतले. तशीच कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन याने चाळीस वर्षांपूर्वी मांडली होती. पण तेव्हा तिला साजेशी गाडी नव्हती. १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली याची ‘रोव्हर’ आली, दोन्ही चाके जवळजवळ सारखी, साखळीने मागचे चाक फिरविणारी, आणि हवेच्या टायरला घर मिळाले. म्हणजे बेळगावच्या दुकानावर पाटी चढली त्या वर्षी पंक्चर नावाची गोष्ट जगात नुकतीच जन्माला येत होती. भरीव रबराच्या चाकाला हाडे खिळखिळी करण्याचा दोष होता. काट्याची भीती मात्र नव्हती. सुख आले तेच काटा सोबत घेऊन आले.

आणि काट्यांचा आमच्या भागात दुष्काळ नव्हता. बाभळीचा काटा सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याहून वाईट होता तो बैलाच्या पत्रीचा खिळा. बेळगावात रेल्वे येईपर्यंत छावणीचा आणि व्यापाऱ्यांचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरातून घाट चढून याच रस्त्याने येई. रेल्वे आल्यावरही बैलगाड्यांची वर्दळ अनेक दशके टिकली. बैलांच्या पायांतून निसटलेले बोथट, चपट्या डोक्याचे खिळे धुळीत दडून बसत आणि टायरला अचूक सापडत. काटा लागला तर हवा हळूहळू जाते, गाव गाठता येते. पत्रीचा खिळा लागला की जागीच उतरावे लागे.

पंक्चर काढण्याची रीत इतकी सर्वपरिचित आहे की तिच्यातील शहाणपण आपल्या नजरेतून सुटते. पाण्याची पाटी, तीत बुडविलेली ट्यूब, बुडबुडा दिसताच तेथे रोवलेली काडी, कानशीने खरवडणे, सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत धीर धरणे, मग ठिगळ. यातील ‘धीर धरणे’ हा भाग नवशिक्याला कधीच जमत नाही. ओल्या सोल्यूशनवर बसविलेले ठिगळ फाट्यापर्यंतही टिकत नाही. कित्येकदा भोक मुळी ट्यूबला नसतेच. जुन्या सायकलीच्या वॉल्व्हमध्ये रबराची एक बारीक नळी बसविलेली असते. ही नळी उन्हाने चिकट होते, चिरते, आणि सकाळी टायर बसलेला दिसतो. जाणता दुरुस्तीवाला टायर उतरविण्यापूर्वी वॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून बुडबुडा पाहतो. दोन पैशांच्या नळीने काम होत असता सबंध चाक सोडविणाऱ्याला आमच्याकडे कारागीर म्हणत नसत. एवढ्याच सामग्रीवर माणसे जग फिरून आली, हेही सांगितले पाहिजे. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून काही पारशी तरुण सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये ती पुरी करून परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटर झाले. इराण आणि इराकची वाळवंटे त्यांनी ठिगळे लावीतच ओलांडली असणार.

दिव्याचा इतिहास याहून रंगतदार आहे. कारण त्यात पोलीस येतो. सूर्यास्तानंतर दिव्याविना सायकल चालविणे हा गुन्हा होता, आणि हा गुन्हा प्रामुख्याने गरिबाकडून घडे. पहिले दिवे रॉकेलचे. वात, काच आणि वर झाकण. रस्त्याच्या एका धक्क्याने वात विझे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात तयार होऊ लागले आणि कार्बाइडचा दिवा आला. खालच्या डबीत राखी रंगाचे खडे, वरच्या डबीतून थेंब थेंब पाणी, दोहोंच्या संयोगाने अ‍ॅसिटिलीन वायू, आणि बारीक छिद्रातून पांढरी शुभ्र ज्योत. उजेड उत्तम, वास मात्र लसणासारखा. पाणी जास्त सोडले तर ज्योत फुत्कारे, कमी सोडले तर मंदावे, आणि छिद्रात काजळी बसली तर बारीक तारेने ते साफ करावे लागे. दिव्याची राख रोज काढावी लागे, नाही तर दुसऱ्या दिवशी डबी घट्ट बसून उघडत नसे. (याच खड्यांनी पुढे आंबे आणि केळी पिकविण्याचा गैरप्रकार रूढ झाला. कायद्याने बंदी असूनही तो पुरता गेलेला नाही. सायकलीवरून उतरलेले कार्बाइड फळांच्या आढीत जाऊन बसले, असे म्हणता येईल.)

त्यानंतर डायनामो आला. बाटलीच्या आकाराचा, टायरला घासून फिरणारा, बहुधा सहा व्होल्ट आणि तीन वॅटचा. तेलाचा खर्च गेला, परंतु दोन नव्या चिंता आल्या. एक अशी की वेग कमी झाला की उजेड कमी होतो. चढावर, म्हणजे नेमका जेथे स्वार हळू आणि मागचा ट्रक घाईत असतो, तेथे दिवा मिणमिणतो आणि थांबले की विझतो. दुसरी अशी की पुढच्या आणि मागच्या दिव्यांत वीज वाटून गेलेली असते. मागचा बल्ब गेला की सगळी वीज पुढच्यावर येते आणि पुढच्याच उतारावर तोही जातो. अनुभवी स्वार म्हणून मागच्या बल्बची काळजी अधिक घेई. आणि दोन्ही बल्ब धड असूनही दिवा लागेना, तर? तेव्हा तार पाहण्याआधी रंग पाहावा. या दिव्याला एकच तार असते. विजेचा परतीचा मार्ग सायकलीच्या सांगाड्यातून जातो. डायनामोच्या पट्टीखाली रंगाचा किंवा गंजाचा थर असेल तर मार्ग तुटतो. पट्टीवर एक टोकदार स्क्रू असतो, तो रंग भेदून लोखंडाला भिडावा म्हणूनच. नव्याने रंगविलेल्या सायकलीचा दिवा हटकून बंद पडे, याचे कारण एवढेच. रंगाऱ्याने सायकल बिघडविली असे लोक म्हणत, आणि एका अर्थी ते खरेही होते.

दिव्याला जोडूनच बिल्ला आठवतो. मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना वाहनांवर कर बसविण्याचा अधिकार होता आणि सायकल त्यातून सुटली नव्हती. कर भरल्याची खूण म्हणून नंबर कोरलेला पत्र्याचा बिल्ला मिळे, तो हँडलखाली लावावा लागे. शहरात राहणाऱ्याला हा वर्षातून एकदाचा उपचार होता. खेड्यातून रोज शहरात येणारा दूधवाला, शहापूर-वडगावच्या मागांवर काम करणारा मजूर किंवा हायस्कुलात शिकणारा विद्यार्थी यांच्या दृष्टीने मात्र हा प्रश्न वेगळा होता. सायकल गावची, रस्ता दोघांचा, कर शहराचा. साधन ज्याला चैनीसाठी हवे त्याच्यापेक्षा पोटासाठी हवे असणाऱ्याला नेहमीच जास्त नियम पाळावे लागतात, हे सायकलीच्या बाबतीत फार लवकर दिसून आले. दुधाच्या दोन कॅनी लटकविण्यासाठी कॅरिअरला वेल्डिंगने लोखंडी पट्ट्या जोडून घेणारा माणूस हा आमच्या मते जोडसामानाचा खरा संशोधक होय. परंतु त्याचे पेटंट कोणी नोंदविले नाही.

अंतर मोजण्याच्या हौसेकडे आता वळू. अमेरिकेत हार्टफर्ड येथे कर्टिस व्हीडर याने १८९५ च्या सुमारास सायकलीचे अंतरमापक यंत्र बाजारात आणले. चाकाच्या तारेला एक खिळी लावलेली. प्रत्येक फेरीला ती एका दातेरी चकतीला टक् करून ढकले आणि आकडा पुढे सरके. अठ्ठावीस इंची चाकाचा परीघ सुमारे ८८ इंच. म्हणजे ७२० फेऱ्यांना एक मैल, हा हिशेब पाठ असणारी मंडळी होती. यंत्राला विचारण्यासारखा प्रश्न एकच: चाक नेमके केवढे आहे? टायरात हवा कमी असेल किंवा स्वार वजनदार असेल तर चाक जरासे चेपते, परीघ घटतो, आणि यंत्र खऱ्याहून जास्त अंतर दाखवते. त्यावरचा उपाय तेव्हा होता तोच आजही आहे. वॉल्व्ह बरोबर तळाशी येईल अशी सायकल उभी करावी, जमिनीवर खूण करावी, सीटवर बसून वॉल्व्ह पुन्हा तळाशी येईपर्यंत पुढे जावे आणि दोन खुणांमधील अंतर टेपाने मोजावे. माहितीपत्रकातील तक्त्यापेक्षा हा आकडा खरा.

बाहेरचा साक्षीदार म्हणजे रस्त्याकडेचा मैलाचा दगड. परंतु तोही आमच्या भागात बदलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दशमान मापांचा कायदा संमत झाला, आणि पुढील काही वर्षांत मैलाच्या जागी किलोमीटर आला. उचगावच्या माणसाच्या दृष्टीने रस्ता तोच राहिला. त्याची लांबी सांगण्याचा आकडा बदलला आणि तो कोणत्या राज्यात आहे याचे उत्तर बदलले. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची आणि मग शिनोळी. शिनोळीस महाराष्ट्र लागतो. सकाळच्या फेरीस निघालेला सायकलस्वार पाऊण तासात दोन राज्ये करून येतो आणि त्याला खिशातून काहीच दाखवावे लागत नाही. सीमाप्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले आहे, येथे तो विषय नाही. परंतु मैल आणि राज्य एकाच सालात बदलावेत हा योग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

स्वातंत्र्याच्या आगेमागे परदेशी सायकलींची जागा देशी सायकलींनी घेतली. मुंबईची हिंद सायकल्स १९३९ ची. पन्नाशीच्या दशकात मद्रासकडची टी. आय., आसनसोलची सेन-रॅले, सोनिपतची अ‍ॅटलास आणि १९५६ पासून लुधियानाची हीरो. यांपैकी अ‍ॅटलासचा अखेरचा कारखाना २०२० च्या जूनमध्ये बंद पडला. या पर्वाचा तपशील कारखान्यांपेक्षा दुकानांत शोधावा. तासाच्या भाड्याने सायकल देणारी, वहीत नाव आणि वेळ लिहून घेणारी दुकाने गावोगावी निघाली. आणि मराठीत एक नवी परिभाषा तयार झाली. छर्रे, गोट्या, कोटर, चाकाचा ‘आऊट’ काढणे, डबलसीट. यांतील आम्हांला सर्वांत प्रिय शब्द ‘ओव्हरऑइल’. मूळ इंग्रजी शब्द ‘ओव्हरहॉल’, म्हणजे संपूर्ण खोलून तपासणे. दुरुस्तीवाल्याने पाहिले की शेवटी यात सर्वत्र ऑइलच घालायचे आहे, आणि शब्दाचीच दुरुस्ती करून टाकली. भाषाशुद्धीच्या पुरस्कर्त्यांनी ‘पायगाडी’ हा सुरेख शब्द देऊ केला होता, तो कोशातच राहिला. ‘ओव्हरऑइल’ला कोणीही कोशात घेतले नाही, तरी तो गावोगाव फिरला.

जुन्याचे कौतुक करताना एक गोष्ट दडविणे योग्य होणार नाही. त्या काळच्या सायकलीचे ब्रेक पावसात निरुपयोगी असत. चकचकीत मुलामा दिलेली पोलादी रीम ओली झाली की रबर तिच्यावरून सरळ घसरते. बेळगावच्या पश्चिमेकडे जूनपासून पाऊस मुक्कामालाच असतो. अशा दिवसांत आंबोलीचा घाट उतरणे हे धाडस नव्हते, अविचार होता. आजच्या हलक्या मिश्रधातूच्या रीमवर ओल्यातही रबर पुष्कळ बरे धरते आणि डिस्क ब्रेक त्याहून चांगले. परंतु आमच्याकडील लाल मातीची त्यांनाही सवय नाही. जांभ्याचे बारीक कण ब्रेकच्या रबरात रुततात आणि दर वेळी रीम कानशीसारखी घासतात. ब्रेक लावताना खरखर ऐकू आली तर रबर काढून टाचणीने ते कण उपसावेत. हे काम पाच मिनिटांचे आहे. ते न केल्यास दोन पावसाळ्यांत रीम पातळ होते, आणि पातळ रीम कधी फाटेल हे आधी कळत नाही.

आजचा हौशी स्वार मात्र हँडलवरील छोट्या पडद्याकडे अधिक पाहतो. २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी अमेरिकन सरकारने उपग्रहांच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि त्यानंतर काही वर्षांतच उपग्रहांवरून स्थान ओळखणारी यंत्रे सायकलीवर आली. वेग, अंतर, चढाई, हृदयाचे ठोके, सारे एका तळहाताएवढ्या डबीत. या डबीच्या तक्रारींपैकी एक आम्ही वारंवार ऐकतो: ‘काल रात्री सायकल घरातच होती, तरी गावाची उंची तीस मीटरने वाढली!’ यात भुताटकी नाही. अशा बऱ्याच डब्यांत उंची हवेच्या दाबावरून काढतात. दाब एका मिलिबारने उतरला की आपल्या पठारावर उंची आठ-नऊ मीटरांनी वाढल्याचे दिसते. पावसाळी ढग आले की दाब उतरतोच. निघण्यापूर्वी घराची खरी उंची यंत्राला सांगावी, एवढे पुरते. चढ चढत असूनही आकडा जागचा हलत नसेल तर डबीच्या मागील बाजूस सुईच्या अग्राएवढे छिद्र शोधावे. त्यात घाम किंवा पावसाचा थेंब अडकलेला असतो. ते कोमट पाण्याने धुऊन सुकू द्यावे. टाचणी मात्र घालू नये, आत नाजूक पडदा असतो. कार्बाइडच्या दिव्याचे छिद्र तारेने उघडत असत, हे मात्र उघडता येत नाही. दोन छिद्रांतील हा फरक आम्हांला फार मोठा वाटतो.

जुने जोडसामान बिघडले की बिघाड डोळ्यांना दिसे, आणि जो दिसतो तो गावात कोणी ना कोणी दुरुस्त करी. नव्या डबीचा बिघाड दिसत नाही. बॅटरी दम धरीनाशी झाली की ती बदलता येत नाही, सबंध डबीच बदलावी लागते; चार्जिंगच्या तोंडाशी हिरवी बुरशी धरली की दुकानदार खांदे उडवतो. त्यामुळे हौशी स्वाराच्या सायकलीचा निम्मा भाग असा झाला आहे की ज्याला गावातील दुरुस्तीवाला हातही लावीत नाही. आणि उरलेल्या निम्म्या भागासाठी तो दुकान चालवू शकत नाही. शाळकरी मुलांसाठी कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या वर्गात मोफत सायकली देण्यास सुरुवात केली, तेव्हा शाळेच्या वाटेवर मुलींच्या सायकलींच्या रांगा दिसू लागल्या होत्या. त्या रांगांना हवा भरणारा, नळी बदलणारा, चाकाचा आऊट काढणारा माणूस लागत होता. त्या माणसाचा मुलगा आज मोटारसायकलींच्या शोरूममध्ये नोकरी करतो. यात त्याचा दोष नाही.

दिव्याचा कायदा मात्र नव्या रूपाने परत आला आहे. पॅरिसच्या एका जुन्या क्लबच्या नियमांनुसार भारतातही आता दीर्घ पल्ल्याच्या फेऱ्या होतात: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस आणि ६०० चाळीस तासांत. रात्री चालणाऱ्या सायकलीला पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि अंगात चमकणारी बंडी सक्तीची. मागचा दिवा बंद आढळला तर स्वाराला अडवितात. गंमत अशी की त्याच रस्त्याने, त्याच अंधारात, उसाच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत घरी परतणारा मजूर अजून दिव्याविना जातो; त्याला आता कोणी अडवीत नाही. पूर्वीचा पोलीस छळ करी, असे जुनी माणसे सांगतात. परंतु दोनशे रुपयांचा लुकलुकता लाल दिवा त्या मजुराच्या मागे लावावा असे पोलिसाला किंवा आम्हां हौशी मंडळींना वाटत नाही, याला काय म्हणावे?

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी अशा गावांतून साहित्यसंमेलने भरतात आणि त्यांच्या निमित्ताने ग्रामेतिहासाचे लेखनही होते. त्यात देवळे, तालमी आणि शाळा येतात. सायकलीचे दुकान येत नाही. ज्यांच्या माळ्यावर जुना दिवा, अंतरमापक किंवा भाड्याच्या दुकानाची वही असेल त्यांनी ती भंगारात घालण्यापूर्वी मंडळाकडे दाखवावी. दिव्याच्या तळाशी कारखान्याचे नाव असते, ते उतरवून घ्यावे. वहीत कोणत्या दिवशी कोणी किती तासांसाठी सायकल नेली हे असते. बाजाराचा दिवस, जत्रेचा दिवस, परीक्षेचा दिवस त्यातून ओळखता येतो. आणि नगरपालिकेचा बिल्ला सापडल्यास तो चिंचेने घासून उजळू नये. त्यावरील आकडे उथळ कोरलेले असतात, घासल्याने जातात. आणि साल बहुधा त्या आकड्यांतच असते.